नववं रीळ

जिनिंग प्रेसच्या भिंतीला पाठ लावून
उभी होती ती टॉकीज.
दिवाळीनंतर सीझन लागला
की वरच्या झरोक्यांतून कापूस आत यायचा
आणि मशीनच्या उजेडात तरंगत राहायचा.
सीन वाळवंटाचा असो, हिरोइन रडत असो,
पडद्यावर आपला बर्फ.
आम्हाला वाटे, सिनेमातल्या गावची
हवाच तशी असेल.

दोन सायकली, चौघं जण, अकरा किलोमीटर.
गुणवंताच्या सायकलला ब्रेक नव्हता,
याकूबच्या सायकलला सीट नव्हती,
पोत्याची घडी सुतळीनं बांधलेली.
थर्ड क्लासचं तिकीट म्हणजे
उजव्या तळव्यावर जांभळा शिक्का.
घामानं पुसला तर मध्यंतरानंतर बाहेरच राहा.
म्हणून लघवीला जाताना मूठ उघडी,
फल्लीदाणे डाव्या हातानं.

त्या रात्री धाकटा भाऊ मेला.
पुलावर, पावसात,
मोठ्याच्या मांडीवर डोकं ठेवून.
अंबादास रडला
आणि ढेकूण चावला म्हणून सांगत राहिला.
चिता पेटली,
तेवढ्यात मशीन थांबलं.
अंधार, शिट्ट्या, शेंडेमामाच्या सात पिढ्यांना शिव्या,
बाकड्यांची आदळआपट.
उजेड आला तेव्हा
धाकटा भाऊ चुलीपुढं बसून
भाकर मोडत होता.

अख्खी टॉकीज गप्प.
मग मागून एक म्हातारा हळूच बोलला,
"आला का बाप्पा!"
आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या
हिरोलाही कधी पडल्या नव्हत्या.
"थो तं मेला होता ना बे?" मी विचारलं.
"जुळा असंन," गुणवंता.
"सपन पडलं असंन मायले," नाक पुसत अंबादास.
पडद्यावरची नजर न काढता
याकूब म्हणाला,
"जित्ता झाला ना? मंग जेवू दे ना बे त्याले."

पुढं तो बराच वेळ होता. बैल धुतले,
एका पोरीकडं पाहून हसला.
मग एकाएकी दिसेनासा झाला.
भिंतीवर त्याचा फोटो, फोटोला हार.
आम्ही समजलो,
कायतरी बक्षीस मिळालं असंन, शहरात गेला असंन.
घरी येईपर्यंत याकूबनं
त्याला नोकरीही लावून टाकली होती,
एस्टीत, कंडक्टर.

डबा उलटा ठेवला गेला होता.
सहाचा नऊ झाला, नवाचा सहा.
हे शेंडेमामानं कितीक वर्षांनी
पानठेल्यावर चुना मळता मळता सांगितलं.
तोवर टॉकीजमध्ये सोयाबीनची थप्पी लागली होती
आणि समोरच्या गाळ्यात याकूब
जळालेल्या मोटारी बांधून द्यायचा,
तांब्याच्या तारेचे वेढे मोजत.
ऐकून तो मोजणी चुकला, पहिल्यापासून मोजू लागला.
"मामा," इतकंच म्हणाला,
"तुमी बरं केलं."

एका कार्तिकात, कोणाच्या तरी विहिरीवर,
मोटार लावून पाहताना
त्याला करंट लागला.

कब्रस्तान प्रेसच्या मागं आहे.
आम्ही तिघांनी तीन तीन मुठी माती टाकली.
माझ्या तळव्याला ओली माती चिकटली,
ती मी पुसली नाही.
गेटाबाहेर आलो आणि लाइट गेली,
अख्ख्या तालुक्याची.
कोणी शिट्टी मारली नाही.
कोणी शिवी दिली नाही.
आम्ही रस्त्यातच उभे,
गुणवंताचा हात माझ्या कोपराला,
अंबादास खोकल्यासारखं काहीतरी करत होता.

लाइट आली तेव्हा
तिघांनीही त्या गाळ्याकडं पाहिलं.
शटर अर्धं वर होतं, कोणी पाडलंच नव्हतं.
आत टेबलावर उघडी मोटार, तारेचं रीळ.
खांबावरच्या दिव्याखाली
कापूस उडत होता.
सीझनच होता तो.
"काय चावलं बे?" गुणवंतानं विचारलं.
"ढेकूण," अंबादास म्हणाला.